मुद्दा चपलेत

सांगायचं ते सांगतोच, पण त्याआधी भाचीचं ऐका.

भाची कऱ्हाडची. परदेशात एम.एस्सी. करायचं म्हणून आयईएलटीएसच्या क्लाससाठी तीन महिने आमच्याकडे पुण्याला राहायला आली. तिची पिढी त्या परीक्षेला ‘आयेल्ट्स’ म्हणून एका घासात गिळते, मी पाचही अक्षरं चावून चावून म्हणतो. त्यात लिखाणाचा एक पेपर असतो. वेळ ६० मिनिटं, प्रश्न दोन. पहिल्याला किमान १५० शब्द, दुसऱ्याला किमान २५०. मी बँकेत ३४ वर्षं काढलेली, वरिष्ठांशी पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत, त्यामुळे नात्यागोत्यात ‘मामाचं इंग्रजी स्ट्राँग’ अशी माझी ख्याती आहे. ती खोडून काढायची संधी मी आजवर कुणालाही दिली नव्हती.

“मामा, शहरातलं आयुष्य बरं की खेड्यातलं, यावर एक पॅरेग्राफ लिहून दे ना. सरांनी नमुना आणायला सांगितलाय.”

नमुना म्हटल्यावर मी पेनात नवी रिफिल घातली. अर्ध्या तासात दीड पान झालं. सुरुवात गांधीजींपासून. मग आमचं गाव, गावाची नदी, आजोबांची विहीर, तिच्यात पडलेली म्हैस, म्हैस काढायला आलेली माणसं, त्यातल्या एकाचा मुलगा पुढे पुण्याला आला तो, त्याच्या खोलीवर मी १९९० साली पहिले चार महिने काढले ते, तेव्हाचं घरभाडं, आताचं घरभाडं, आणि अगदी शेवटी ‘देअरफोर बोथ आर गुड.’ वाचून माझं मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. समासात तांबड्या शाईचं एक प्रश्नचिन्ह, चांगलं वीतभर. खाली लिहिलं होतं, ‘व्हेअर इज द पॉइंट?’

“शेवटच्या ओळीत आहे की!” मी म्हणालो.

“मामा, तो पहिल्या ओळीत लागतो.”

“पहिल्याच ओळीत सांगून टाकला तर माणूस पुढचं वाचेल कशाला?”

“परीक्षक वाचतो. त्याला त्याचे पैसे मिळतात.”

मग तिने मला समोर बसवून पॅरेग्राफ शिकवला. इंग्रजी पॅरेग्राफात म्हणे आधी टॉपिक सेंटेन्स असतं. ते सगळ्यांचा म्होरक्या. काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. त्यामागे सपोर्टिंग सेंटेन्सेस, म्हणजे कारणं, दाखले. शेवटी कन्क्लुडिंग सेंटेन्स, त्याने दार ओढून घ्यायचं. आणि एका पॅरेग्राफात एकच कल्पना. दुसरी सुचली तर तिने बाहेर थांबायचं, तिला पुढची खोली मिळेल.

सरांनी यासाठी फळ्यावर बर्गर काढला होता. वरचा पाव, मधलं सारण, खालचा पाव. मी लगेच म्हटलं, म्हणजे वडापाव! पण नाही. बर्गरचे पाव दोन सुटे तुकडे असतात. वडापावचा पाव पूर्ण कापतच नाहीत, एका कडेला चिकटलेलाच ठेवतात. त्यामुळे आमच्याकडे वरचं वाक्य आणि खालचं वाक्य हे एकच वाक्य असतं, फक्त मधे वडा आला म्हणून ते दोनदा दिसतं. शिवाय तळलेली मिरची कशातच बसत नाही. तिचं काय करायचं, हे सरांनी सांगितलं नव्हतं. माझ्या लिखाणात मिरच्याच जास्त.

खरी अडचण इंग्रजीची नव्हतीच, हे मला त्या रविवारी कळलं. वरच्या मजल्यावरचे अण्णा सकाळी सव्वादहाला आले. दार उघडल्यावर म्हणाले, “काही नाही, सहज आलो.” हे झालं अण्णांचं टॉपिक सेंटेन्स. मग बसले. पाऊस. पाण्याची टाकी. लिफ्टचा मेंटेनन्स. चहा. जावयाची बदली, तीही नागपूरला. पुन्हा पाऊस. पोहे नको नको म्हणत खाल्ले. पावणेबाराला ‘बराय, येतो’ म्हणून उठले. दारात गेले. एक चप्पल घातली. दुसऱ्या चपलेचा अंगठा बोटाने चाचपत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “हां, ते एक... तुमच्याकडे शिडी आहे ना? रंगारी यायचाय.”

दीड तासाचा पॅरेग्राफ आणि मुद्दा चपलेत!

भाची आतल्या खोलीतून हे सगळं ऐकत होती. अण्णा शिडी घेऊन जिना चढले तशी बाहेर येऊन म्हणाली, “मामा, तुझा निबंध आत्ता येऊन गेला.”

मला ते लागलं. विचार करू लागलो तर आमच्या अख्ख्या खानदानात पहिल्या वाक्यात मुद्दा सांगितलेला कुणी सापडेना. लग्न ठरवायला आलेली माणसं आधी हवापाण्याचं बोलतात. उसने पैसे मागायला आलेला माणूस आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतो, आणि चौकशी जितकी खोल तितकी रक्कम मोठी, हे ३४ वर्षांच्या अनुभवातून सांगतो. कर्जाचा हप्ता थकलेला खातेदार माझ्या केबिनमध्ये आला की आधी भिंतीवरच्या कॅलेंडरचं कौतुक करायचा. पहिल्याच वाक्यात मुद्दा काढणाऱ्याला आपण ‘तोंडावर बोलणारा’ म्हणतो. आणि ते काही कौतुकाने म्हणत नाही.

तरी मी ठरवलं. आजपासून टॉपिक सेंटेन्स आधी. कागदावर जमायला हवं तर तोंडात बसायला हवं.

संधी त्याच बुधवारी आली. बहिणीचा कऱ्हाडहून फोन. “दादा, अरे पोरगी फोन उचलत नाहीये, कुठंय ती?” आता खरी हकीकत अशी होती की भाचीच्या मैत्रिणीचा स्कूटरवरून पडून पाय मोडला होता, आणि भाची तिला डबा द्यायला गेली होती. पूर्वीचा मी असतो तर मैत्रिणीच्या स्कूटरपासून सुरुवात केली असती. पण मी आता सुधारलो होतो. मुख्य विधान आधी.

“ती हॉस्पिटलात आहे,” मी म्हणालो.

सपोर्टिंग सेंटेन्सेस तोंडाशी तयार होती. तीन होती. पलीकडून एक किंकाळी आली आणि फोन बंद. मी पुन्हा लावला तर बिझी. ती नवऱ्याला सांगत होती, नवरा त्याच्या भावाला सांगत होता, भाऊ मला लावत होता. अर्ध्या तासात जवळच्या सगळ्या नातेवाइकांकडे माझं टॉपिक सेंटेन्स पोचलं, त्याला आधार देणारी वाक्यं माझ्यापाशीच राहिली. संध्याकाळी सात वाजता बहीण स्वारगेटला एसटीतून उतरली, हातात मऊ भाताचा डबा. भाचीने दार उघडलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“दादा, माणसाने आधी ‘घाबरू नकोस’ असं नाही का म्हणायचं?” बहीण म्हणाली. तसं म्हटलं असतं तरी ती घाबरलीच असती, पण निदान एसटीचं तिकीट वाचलं असतं. मऊ भात मी खाल्ला.

या फजितीनंतर दोन दिवस मी वाचनालयात जाऊन बसलो. आपलं चुकलं की आपण इतिहास वाचतो, ही माझी जुनी सवय. हा पॅरेग्राफ आला कुठून, ते तरी बघू. शब्द मूळचा ग्रीक. अर्थ ‘शेजारी लिहिलेलं’. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मजकूर सलग असायचा आणि विषय बदलला की समासात, ओळीच्या सुरुवातीखाली, एक आडवी रेघ मारायचे. पुढे युरोपात त्यासाठी एक चिन्ह आलं. उलट्या ‘पी’ला दोन पाय फुटावेत तसं. ते तांबड्या शाईने काढणारा माणूस वेगळा असे. लिहिणारा त्याच्यासाठी जागा कोरी सोडून पुढे जाई. छापखाने आले तशी कामं वाढली, तांबड्या शाईवाला वेळेत येईनासा झाला, आणि ती कोरी जागा तशीच राहून गेली, असं सांगतात. ओळ आत सरकवून पॅरेग्राफ सुरू करायची पद्धत त्यातूनच पडली म्हणे.

हे वाचलं आणि शाळेतले गुरुजी आठवले. “परिच्छेदाआधी एक बोट जागा सोडा!” कुणाचं बोट ते सांगत नसत. आम्ही आमची बोटं टेकवून जागा सोडायचो आणि गुरुजी वही तपासताना स्वतःचं बोट टेकवून बघायचे. गुरुजींचं बोट केळ्याएवढं. वर्गातल्या एकाचाही परिच्छेद कधी बरोबर निघाला नाही. एवढा मार खाल्ला तो युरोपात कुणी एक माणूस कामावर आला नाही म्हणून, हे तेव्हा ठाऊक असतं तर निदान कुणाला शिव्या द्यायच्या ते कळलं असतं. ते दोन पायांचं चिन्ह अजून जिवंत आहे, कॉम्प्युटरवर टाइप करताना चुकून एक बटण दाबलं गेलं की पानभर उगवतं. बँकेत माझ्या पडद्यावर ते पहिल्यांदा उगवलं तेव्हा व्हायरस आला म्हणून मी प्लग काढला होता.

आमच्याकडे मात्र ही भानगडच नव्हती. मोडी लिहिणारे आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायचे आणि मग दोरीवर धुणं वाळत घालावं तशी तिला अक्षरं लटकवत जायचे. शब्दाशब्दांत फट नाही, पूर्णविराम नाही, हात होता होईल तो उचलायचा नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या इंग्रजाने मराठीला विरामचिन्हं लावून दिली. आमच्या घराण्यापर्यंत ती अजून पोचायची आहेत. माझी आजी बोलायची ते मोडीच बोलायची.

आणि मग मला मूळ आरोपी सापडला. अलेक्झांडर बेन, ॲबर्डीन विद्यापीठातले प्राध्यापक. १८६६ साली त्यांनी इंग्रजी रचनेवरच्या पुस्तकात पॅरेग्राफचे नियम घालून दिले. सुरुवातीच्या वाक्याने विषय काय ते दाखवावं, वाक्यं एकमेकांना धरून चालावीत, भरकटू नये. इंग्रज त्याआधीही शेकडो वर्षं पॅरेग्राफ लिहितच होते, फक्त ते चुकतायत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बेनसाहेब स्कॉटलंडचे. थंड मुलुख. तिथे दारात एक चप्पल घालून उभं राहायची सोयच नसणार, म्हणून मुद्दा आधी.

आता कुणी म्हणेल, बँकेत एवढं इंग्रजी लिहिलंत, तिथे कसं चाललं? अहो, बँकेचं इंग्रजी हे इंग्रजीच नव्हे, ते चपलेतलं मराठी आहे. ‘रेफरन्स इज इन्व्हायटेड टू युवर लेटर नंबर अमुक, डेटेड तमुक, ऑन द कॅप्शन्ड सब्जेक्ट.’ झाला एक पॅरेग्राफ. ‘इन धिस कनेक्शन वी हॅव टू ॲडव्हाइज दॅट द मॅटर इज रिसीव्हिंग अवर अटेन्शन.’ झाला दुसरा. ‘प्लीज डू द नीडफुल.’ तिसरा. नीडफुल म्हणजे नेमकं काय करायचं, ते कुठेच नाही. एकदा वरून असं पत्र आलं, आम्ही चौघांनी वाचलं, कुणालाच कळेना. मी उत्तर धाडलं, ‘द नीडफुल हॅज बीन डन.’ त्यांनी आभार मानले. फाइल बंद झाली. आजतागायत मला माहीत नाही आम्ही काय केलं ते.

त्याहून मागे जायचं तर शाळा. इंग्रजी पाचवीला भेटायचं, तेही लांबूनच हात करायचं. आठवीत सरांनी फळ्यावर ‘माय बेस्ट फ्रेंड’ लिहून दिला. ‘ही इज टॉल. हिज फादर इज अ डॉक्टर.’ आम्ही तो उतरवला आणि पाठ केला. परीक्षेत बावन्नच्या बावन्न मुलांचा जिवलग मित्र एकच निघाला, गावच्या डॉक्टरांचा मुलगा. त्याच्याशी आमचं कुणाचंच पटत नसे. त्या मुलानेही तेच लिहिलं होतं. आपला सगळ्यात चांगला मित्र आपणच, आपण उंच आहोत आणि आपले वडील डॉक्टर आहेत. त्याला दहापैकी आठ मिळाले, आम्हाला सहा. डॉक्टर सरांचे फॅमिली डॉक्टर होते.

असो.

हा ‘असो’ भाचीला फार आवडला. क्लासात तिला जोडशब्दांची यादी दिली होती. फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोर, हाऊएव्हर. हे योग्य जागी पेरले की परीक्षकाला बरं वाटतं. तिने एका पॅरेग्राफात सहा पेरले. मी वाचायला घेतला तर ‘फर्स्टली’ होतं, ‘सेकंडली’ कुठेच नाही. हरवलेलं व्हाउचर शोधावं तसं मी ते दोन पानं शोधलं. “अगं, पहिलं आहे तर दुसरं कुठाय?” तर म्हणाली, “दुसरा मुद्दा सुचलाच नाही, पण फर्स्टलीला मार्क आहेत.”

आपले जोडशब्द बघा. ‘बरं का’, ‘ते जाऊ दे’, ‘तर काय सांगत होतो’. सगळ्यात जहाल म्हणजे ‘त्यावरून आठवलं’. हा शब्द आला की समोरच्याने शेवटची बस गेली असं समजावं. आणि या सगळ्यांचा बाप ‘असो’. कितीही भरकटा, कितीही कालवाकालव करा, शेवटी ‘असो’ म्हणा की दार बंद. कन्क्लुडिंग सेंटेन्सची गरजच नाही. भाचीने त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते सरांना विचारलं. सर तीन दिवस शोधत होते. शेवटी त्यांनीच तिला सांगितलं, “जाऊ दे, असो.”

घरात पॅरेग्राफ येतो तो फक्त बायकोला, हे उघडकीस आलं तेही भाचीमुळेच. मी भाजी आणायला गेलो होतो, मोबाइल घरी विसरलो होतो. त्यावर बायकोचा निरोप आला, तो भाचीने वाचला. ‘अहो, दही आणा. आंबट नको, कालचं टाकून द्यावं लागलं. परत आंबट आणलंत तर कढी होणार नाही.’ भाचीने उडीच मारली. विधान, कारण, दाखला, निष्कर्ष! एक कल्पना, एकही मिरची नाही! “मामी, तुला नऊ बँड!” नऊ म्हणजे त्या परीक्षेतला सगळ्यात वरचा. बायकोला बँड म्हणजे काय ते कळलं नाही. “बँड काय करायचाय? दही आणलं का त्यांनी?” दही आलंच नव्हतं. निरोप घरी, मी बाजारात.

ईर्ष्येने मी रात्री पुन्हा कागद घेतला. या वेळी पक्कं. पहिली ओळ, ‘व्हिलेज लाइफ इज बेटर.’ स्वच्छ, खणखणीत, बेनसाहेब खूश. आणि मग... काही नाही. पेन थांबलं. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मुद्दा सांगून झाला होता. आता बोलायचं काय? नदी आठवेना, म्हैस विहिरीतून वर येईना. तेव्हा लक्षात आलं, आधीचं दीड पान सुचलं ते सगळं मुद्दा टाळण्याच्या जोरावर. चाळीस मिनिटांनी कागदावर चारच शब्द होते. त्यातला ‘बेटर’ खोडून मी ‘गुड’ केलं, उगाच कुणाला दुखवायला नको.

भाचीला लिखाणात सात बँड मिळाले. माझ्यासारखं लिहायचं नाही एवढं पथ्य पाळलं, असं ती सगळ्यांना सांगते. पुढच्या महिन्यात जाईल. निरोपाला बहीण येणार आहे, ‘दादाचा फोन आला तर मी उचलणार नाही, वहिनींना करायला सांगा’ असा निरोप आधीच आलाय.

चला, बराच वेळ घेतला तुमचा. बराय, येतो.

हां, ते एक राहिलंच की. लेख मुळात त्यासाठीच लिहायला घेतला होता. अण्णांकडची ती शिडी. रंगारी येऊन, रंगवून, पैसे घेऊन गेला त्याला तीन महिने झाले. शिडी मागायला मी दोनदा वर जाऊन आलो. एकदा चहा झाला, एकदा उपमा. जावयाची बदली रद्द झालीय. दोन्ही वेळा दारात आलो, एक चप्पल घातली, तोंड उघडलं, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “आणि हां, तुमच्याकडे ड्रिल मशीन आहे ना?” दुसरी चप्पल मी घरी येऊन घातली. शिडी ॲल्युमिनियमची, आठ फुटी आहे, खालून दुसऱ्या पायरीवर आता फिकट पिवळे थेंब असतील. अण्णा हा अंक वाचतात. शेवटच्या पॅरेग्राफपर्यंत वाचतात, याची मला खात्री आहे, सगळं आयुष्य त्यांनी तिथेच काढलंय.